एकुलती एक प्रत

वसईकडच्या माणसास सुरत परकी नाही. पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गावर ही दोन्ही गावे आहेत. सकाळी गाडीत बसावे आणि तापीचा पूल लागण्यापूर्वी उतरावे, इतकेच ते अंतर. आमचे थोरले बंधू तीस वर्षांमागे एका कापड गिरणीत हिशेबनीस म्हणून तेथे गेले आणि हळूहळू तेथलेच झाले. अडाजण भागात त्यांनी तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे शहरात आहेत, त्यामुळे आपली भाषा कानावर पडे आणि वहिनींना गावाची आठवण फारशी सतावत नसे.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला मोठा पूर आला. सुरतेच्या वरच्या अंगास शंभर किलोमीटरच्या आसपास उकाईचे धरण आहे. त्यातून सोडलेल्या पाण्याचा लोट त्या वेळी सेकंदाला नऊ लाख घनफुटांच्या घरात गेला होता. ७ ऑगस्टपासून पाणी शहरात शिरू लागले आणि पाहता पाहता शहराचा बहुतेक भाग त्याखाली गेला. वहिनी मुलांना घेऊन वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे गेल्या आणि चौथ्या दिवशी खाली उतरल्या. भांडी घासून निघाली, पलंग उन्हात वाळला, कपाटही नवे घेता आले. परंतु आमच्या आईवडिलांच्या लग्नाचे फोटो, आजोबांचा पगडीतला एकमेव फोटो आणि मुलांच्या बाप्तिस्म्याची छायाचित्रे एकमेकांस चिकटून त्यांचा चिखलाचा एक गोळा झाला होता. तो गोळा वहिनींनी कित्येक दिवस टाकला नाही.

त्यानंतर बंधूंनी एक ध्यास घेतला. गावी येतील तेव्हा ते नातेवाइकांच्या घरोघर जाऊन जुने फोटो उसने घेत, स्कॅन करीत आणि परत देत. अशा रीतीने पंधरा वर्षांत चौदाशेवर चित्रे जमली. वडिलांची पत्रेही त्यांनी अशीच उतरून घेतली. आमच्या आत्याला वाडवळी बोलीतील लग्नातली गाणी पाठ होती. तिच्यासमोर मोबाइल ठेवून बंधूंनी तिची अकरा गाणी ध्वनिमुद्रित केली. पुढे आत्या वारली आणि तो मोबाइलही बिघडला. हा सारा ठेवा आता त्यांच्या लॅपटॉपमध्ये होता. घरही त्यांनी तिसऱ्या मजल्यावर घेतले होते. पाणी येथवर येणार नाही, असे ते समाधानाने म्हणत.

पाणी आलेच नाही. तरीही तो ठेवा जाता जाता वाचला, आणि सगळा वाचला असेही नाही. ही हकीकत आम्ही येथे सांगत आहोत, कारण आज आपल्या गावांतील घरोघरी फोटोंचे आल्बम जाऊन त्यांच्या जागी असलीच यंत्रे आली आहेत.

आजाराची चिन्हे

गेल्या पावसाळ्यात आम्ही आठ दिवस बंधूंकडे राहावयास गेलो होतो. रात्री जेवणे झाल्यावर आत्याची गाणी ऐकावी असे ठरले. लॅपटॉप सुरू व्हावयास पाव तास लागला. एक फोटो उघडण्यास पाच मिनिटे गेली. गाणे लागले, पण प्रत्येक वेळी एकाच ओळीवर अडकू लागले. खोलीत शांतता होती म्हणून आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. यंत्राच्या पोटातून बारीक आवाज येत होता. टक्, थोडा वेळ थांबून पुन्हा टक्.

"म्हातारा झाला, चालायचेच," बंधू म्हणाले. पुतण्या म्हणाला, "मी रात्रभर दुरुस्तीचा हुकूम देऊन ठेवतो, सकाळपर्यंत ठीक होईल." त्याने तसे केले. सकाळी यंत्र मुळीच सुरू होईना.

आम्ही ते घेऊन बाजारातील एका दुकानात गेलो. तेथील गृहस्थाने दोन मिनिटे पाहिले आणि सांगितले की, सर्व पुसून नव्याने भरून देतो, संध्याकाळी घेऊन जा. आतले राहील काय, असे विचारता तो म्हणाला, "आतले जाईल, पण यंत्र नव्यासारखे चालेल." बंधू थकले होते. ते होकार देण्याच्या बेतात होते. तोच वहिनी आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, नवे यंत्र कोणाला हवे आहे? आत्याचा आवाज हवा आहे."

आम्ही यंत्र उचलून घरी परतलो. वहिनींच्या ओळखीचा एक तरुण उधना भागात राहतो. तो मूळचा नंदुरबारकडचा, संगणक शिकवून चरितार्थ चालवणारा. त्यास फोन केला. सारी हकीकत ऐकून घेण्याआधीच तो म्हणाला, "काका, आधी ते बंद करा. विजेची तारही काढा. मग बोलू."

हा पहिला उपदेश वाचकांनी मनावर कोरून ठेवावा. यंत्र असा आवाज करू लागले म्हणजे ते चालू ठेवण्याचा प्रत्येक क्षण नुकसानीचा असतो.

पेटीच्या पोटात

असे का, हे समजण्यासाठी ही हार्ड डिस्क म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि तिचे वजन एक टनाहून अधिक होते. एवढ्या अवजड यंत्रात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्र तिच्यात जेमतेम बसले असते. पुढे तबकड्या लहान होत गेल्या आणि साठा वाढत गेला, पण मूळ तत्त्व तेच राहिले.

लॅपटॉपमधील अशी डिस्क तळहाताएवढी असते. तिच्या बंद डबीत ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांवर चुंबकीय लेप दिलेला असतो. त्या बहुधा मिनिटास ५४०० फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदास नव्वद. तबकडीवर एक बारीक दांडी फिरते आणि तिच्या टोकावरील वाचक लेपातील चुंबकीय खुणा वाचतो. हा वाचक तबकडीस टेकत नाही. फिरत्या हवेवर तो तरंगत असतो आणि दोहोंमधील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीहून हजारो पटींनी कमी असते. आता डबीत धुळीचा कण शिरला, यंत्र चालू असता खाली पडले, किंवा वयोमानाने वाचक झिजला, म्हणजे काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी. वाचक तबकडीस घासला की लेपाचा चुरा उडतो, तो चुरा पुढे आणखी जागा खरवडतो, आणि ज्या जागेचा लेप गेला तेथील अक्षर जगातील कोणत्याही विद्येने परत येत नाही.

तो टक् टक् आवाज बहुधा अशा वेळचा असतो. वाचकास जागा सापडत नाही, तो मूळ ठिकाणी परततो आणि पुन्हा प्रयत्न करतो. रात्री वाट चुकलेला माणूस फिरून फिरून त्याच पारावर यावा, तशातला तो प्रकार.

लोक कोणत्या चुका करतात

आमच्या पुतण्याने जे केले ते पुष्कळ जण करतात. दुरुस्तीचा हुकूम दिला म्हणजे यंत्र डिस्कचा कानाकोपरा पुन्हा पुन्हा वाचते आणि ज्या नोंदी त्यास चुकीच्या वाटतात त्या बदलते. डिस्क धडधाकट असून केवळ नोंदींचा घोटाळा झाला असेल, तर हा उपाय ठीक आहे. परंतु डिस्कच आजारी असेल तर तो घातक ठरतो. पाय मोडलेल्या माणसाला चालता येते की नाही हे पाहण्यासाठी आपण त्यास गावभर पळवीत नाही. लॅपटॉप स्वतःहून विचारतो की, तपासून दुरुस्त करू काय? अशा वेळी नाही म्हणावे.

दुसरी चूक म्हणजे ऐकीव उपाय. कोणी सांगतो की, डिस्क रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा. थंड डिस्क बाहेर काढताच तिच्यावर हवेतील पाणी धरते, आतही दव जमू शकते, आणि उरलीसुरली आशा संपते. कोणी तिच्यावर चापट मारतो. कोणी घरच्या टेबलावर डबी उघडून पाहतो. लॅपटॉपमधून डिस्क काढणे ही एक गोष्ट आणि खुद्द डिस्कची डबी उघडणे ही अगदी निराळी गोष्ट. पहिली जाणत्या माणसास जमते. दुसरी धुळीच्या खोलीत कोणीच करू नये.

तिसरी चूक अशी की, वाचवलेली चित्रे त्याच डिस्कवर परत साठवणे, किंवा चित्रे वाचवण्याचा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर उतरवून घेणे. बुडत्या होडीतील सामान काढून त्याच होडीच्या दुसऱ्या टोकास ठेवण्यासारखे हे आहे.

आधी प्रत, मग उपचार

तो तरुण संध्याकाळी आला. त्याने येताना नवी डिस्क विकत आणावयास सांगितली होती. ती जुन्या डिस्कपेक्षा मोठी असावी, असे त्याने बजावले होते. जुनी पाचशे जीबीची होती, आम्ही एक टीबीची आणली. लॅपटॉपचे स्क्रू काढून त्याने जुनी डिस्क अलगद बाहेर घेतली आणि आपण आणलेल्या संगणकास जोडली. त्याने तो संगणक पेनड्राइव्हवरील लिनक्सवर सुरू केला होता, जेणेकरून कोणताही प्रोग्रॅम आपण होऊन आजारी डिस्कला हात लावणार नाही.

मग त्याने डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम उघडला. हा २००४ सालापासून आंतोनियो दियाझ दियाझ यांनी तयार केलेला, फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्याची रीत आम्हांस इतकी पटली की ती येथे देतो. साधी नक्कल करणारा प्रोग्रॅम खराब जागा लागली की तेथेच झगडत बसतो, आणि त्या झगड्यात डिस्कचा प्राण जातो. हा तसे करीत नाही. वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडणारी जाणती बाई काटेरी कुंपणाजवळ वेळ दवडीत नाही. सूर्य वर येण्याआधी ती हाताशी आलेल्या कळ्या खुडून घेते आणि मग उरलेल्या वेळात कुंपणाकडे वळते. त्याचप्रमाणे हा प्रोग्रॅम प्रथम जे सहज वाचता येईल ते सर्व भराभर नव्या डिस्कवर उतरवतो. खराब जागा तो ओलांडून जातो, पण विसरत नाही. त्यांची टाचणे तो एका लहानशा फाइलीत ठेवतो. दुसऱ्या व तिसऱ्या फेरीत त्या जागांच्या कडा कातरीत, लहान लहान तुकड्यांनी, मिळेल तेवढे तो मिळवतो. मध्येच वीज गेली तरी टाचण असल्यामुळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी त्या तरुणाने एक गोष्ट केली. कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर नक्कल करावयाची ते त्याने पडद्यावर लिहिले आणि आम्हांस व बंधूंस मोठ्याने वाचावयास लावले. एकदा नव्हे, दोनदा. "काका, येथे उलटे लिहिले गेले तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरेल, आणि सगळे क्षणात पुसले जाईल," तो म्हणाला. आम्ही धडधडत्या अंतःकरणाने वाचले. मग त्याने बटण दाबले.

सकाळी पडद्यावर ९७ टक्के असा आकडा होता. तिसऱ्या दिवशी तो ९९.६ वर पोहोचून थांबला. त्यानंतर जुनी डिस्क पुन्हा फिरली नाही. तिचे काम संपले होते.

हाती काय आले

पुढील सर्व खटपट त्या तरुणाने प्रतीवर केली. मुळाला त्याने हात लावला नाही. प्रत बिघडली तर प्रतीची प्रत काढता येते, हे त्याचे म्हणणे आम्हांस अगदी रास्त वाटले. टेस्टडिस्क नावाच्या प्रोग्रॅमने मोडलेली अनुक्रमणिका पुष्कळशी जुळवून दिली आणि बहुतेक फोटो आपल्या नावांनिशी परत आले. जेथे अनुक्रमणिकाच नष्ट झाली होती तेथे फोटोरेक हा दुसरा प्रोग्रॅम कामी आला. हे दोन्ही क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थांनी तयार केले आहेत आणि तेही फुकट मिळतात. प्रत्येक जातीच्या फाइलीच्या आरंभी ठराविक खूण असते. फोटोरेक नावे पाहत नाही, त्या खुणांवरून चित्र ओळखून बाहेर काढतो. त्यामुळे चित्र मिळते, पण त्याचे नाव हरवते. आमचे तीनशेवर फोटो असे निनावी परत आले. पुढील कित्येक संध्याकाळी बंधू व वहिनी शेजारी बसून चेहरे ओळखीत होते आणि एका वहीत नावे लिहीत होते. त्या निमित्ताने दोघांचे जितके बोलणे झाले तितके गेल्या दहा वर्षांत झाले नसेल, असे वहिनी म्हणाल्या.

९९.६ टक्के! परीक्षेत असे गुण मिळते तर पेढे वाटले असते. परंतु उरलेल्या अर्ध्या टक्क्याहूनही लहान जागेत काय होते, हे कोणता आकडा सांगणार? आत्याच्या अकरा गाण्यांपैकी नऊ पूर्ण आली. एक मध्येच तुटते. अकरावे मिळालेच नाही. नवऱ्या मुलाच्या अंघोळीसाठी विहिरीचे पाणी आणताना म्हणावयाचे ते गाणे होते. तबकडीवरील तेवढीच जागा खरवडली गेली होती. पुतण्या त्या दिवशी जेवला नाही. कोणी त्यास बोल लावला नाही, पण दुरुस्तीच्या त्या रात्रीचा हिशेब तो मनात करीत असावा.

तज्ज्ञाकडे केव्हा जावे

घरची खटपट केव्हा करू नये, हेही सांगितले पाहिजे. डिस्क मोठ्याने खडखडत असेल, मुळीच फिरत नसेल, किंवा संगणकास ती दिसतच नसेल, आणि आतला ठेवा अमोल असेल, तर कोणताही प्रोग्रॅम न वापरता ती जशीच्या तशी या विद्येतील तज्ज्ञांकडे द्यावी. ते लोक धूळरहित खोलीत डबी उघडतात, त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे वाचक बसवतात आणि मग नक्कल काढतात. हे काम महागडे असते आणि यशाची हमी कोणी प्रामाणिक माणूस देत नाही. देण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी मागावा आणि काही न मिळाल्यास काय आकारणार, तेही विचारावे.

डिस्क पाण्यात बुडाली असेल तर मोह आवरावा. ती सुरू करू नये, उन्हात किंवा पंख्याखाली वाळवूही नये. बहुतेक डिस्कांच्या डबीला हवेसाठी बारीक छिद्र असते. त्यातून गढूळ पाणी आत गेले आणि वाळले, की गाळ तबकडीवर घट्ट बसतो. म्हणून ओली डिस्क तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून तज्ज्ञांकडे पोहोचवावी. पुराच्या गावांत ही एवढी माहितीही कित्येक घरांचा ठेवा वाचवील.

या विद्येची करामत कोठवर जाते याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाच्या एका दुःखद घटनेतील आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना नष्ट झाले आणि आपल्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचा अंत झाला. यानातील एका प्रयोगाची हार्ड डिस्क जळून, वितळून टेक्सास राज्यात जमिनीवर कोसळली होती. काही महिन्यांनी ती सापडली. तिची बाहेरची सर्व अंगे निकामी झाली होती, परंतु तबकड्यांवरील लेप शाबूत होता. तज्ज्ञांनी त्यांवरील सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळवला आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आकाशातून पडलेली डिस्क वाचली आणि आमच्या बंधूंच्या मेजावरील डिस्कने एक गाणे गिळले. फरक लेपाचा होता. लेप राहिला तर आशा राहते, लेप गेला तर काहीच राहत नाही.

सुरतेचाच जुना धडा

इतके झाल्यावर आम्हांस वाटले की, ही विद्या मोठी खरी, परंतु तिची गरज पडावीच का? आणि याचे उत्तर आम्हांस खुद्द सुरतेच्या इतिहासात सापडले. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तेथे वखार घातली. वखारीतील कारकून रोजनिशी लिहीत, बैठकांचे ठराव लिहीत, मालकांस पत्रे लिहीत. त्या काळी गलबते बुडत, लुटली जात, सहा सहा महिने वाट चुकत. म्हणून ते लोक महत्त्वाच्या पत्राच्या एकाहून अधिक प्रती काढीत आणि निरनिराळ्या गलबतांनी विलायतेस पाठवीत. एक गलबत बुडाले तरी दुसरे पोहोचे.

आज ती वखार नाही आणि ती कंपनीही नाही. परंतु वखारीच्या रोजनिशा मुंबईस राज्य अभिलेखागारात आहेत आणि विलायतेस गेलेली कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी केली, तेव्हाचा तपशील इतिहासकारांस इतर साधनांबरोबर या कागदांतूनही मिळतो. साडेतीनशे वर्षांत तापीला किती पूर आले असतील आणि शहरात किती आगी लागल्या असतील! कागद वाचले ते मजबूत होते म्हणून नव्हे. ते एकाच घरात नव्हते म्हणून वाचले.

आपल्या देवळातील नोंदवह्यांचेही तसेच. बाप्तिस्मा व लग्न यांच्या नोंदींची प्रमाणित प्रत दर वर्षअखेरीस बिशपांच्या कचेरीत पाठवावी, असा दंडक ख्रिस्तसभेच्या १९१७ सालच्या कायद्यात घातला होता. हा शहाणपणा देवळापाशी न ठेवता आपण घरीही आणावयास हवा.

घरोघरी काय करावे

जे एकाच जागी आहे ते गेलेच असे समजावे. तीन प्रती असाव्यात. एक नेहमीच्या यंत्रात, दुसरी बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी. बाहेरची डिस्क सदा यंत्रास जोडून ठेवू नये. विजेचा धक्का अथवा संगणकाचा रोग एकास लागला तर तो दोघांसही लागतो. कंपन्यांच्या दूरच्या यंत्रांवर फोटो ठेवण्याची सोय आहे, तीही वापरावी. मात्र एक ध्यानात असावे. अशा पुष्कळ सोयींत येथे पुसले की तेथेही पुसले जाते. तो आरसा आहे, दुसरी प्रत नव्हे. तेथील परवलीचा शब्द कागदावर लिहून घरातील जबाबदार माणसाजवळ द्यावा, नाहीतर माणूस गेल्यावर फोटोही कुलपात अडकतात. काही नवे लॅपटॉप आपल्या साठ्यास आपोआप कुलूप घालतात. विंडोजमधील अशा कुलपाची ४८ अंकी किल्ली असते. तीही लिहून ठेवावी.

डिस्कची प्रकृती पाहणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा आहे. त्यात इशाऱ्याचा पिवळा वा लाल रंग दिसला तर त्याच दिवशी प्रत काढावी. २००७ साली गूगल कंपनीच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत वाचनाची पहिली चूक आढळल्यावर पुढील साठ दिवसांत ती डिस्क निकामी होण्याची शक्यता, चूक न आढळलेल्या डिस्कपेक्षा ३९ पटींनी अधिक होती. परंतु निकामी झालेल्या डिस्कांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक डिस्कांनी आपल्या नोंदींत कसलाच इशारा दिला नव्हता. तेव्हा इशारा आला तर ताबडतोब हलावे, पण इशाऱ्याची वाट पाहत बसू नये. नव्या लॅपटॉपांत बहुधा तबकडीऐवजी एसएसडी असते. तीत फिरणारे काही नसल्याने ती पडझडीस भीत नाही, पण मरताना पुष्कळदा टक् असा आवाजही करीत नाही. शिवाय तीतून पुसलेले परत मिळणे फारच कठीण असते.

आता आमच्या घरची व्यवस्था सांगून हा लेख पुरा करतो. एक प्रत सुरतेस आहे. दुसरी गावी आमच्या कपाटात, आईच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात आहे. तिसरी कंपनीच्या यंत्रांवर आहे. दर वर्षी २ नोव्हेंबरला मृतांच्या दिनी आपण सारे कबरस्तानात जातो, मेणबत्त्या लावतो. तेथून परत आल्यावर डबा उघडून डिस्क जोडावयाची, दहा-वीस फोटो व एखादे गाणे उघडून पाहावयाचे आणि वर्षभरातील नवी चित्रे तीत भरावयाची, असा नेम पुतण्याने घातला आहे. दर वर्षी तो त्यासाठी गावी येणार आहे.

आणि ते अकरावे गाणे? गावी परतल्यावर आम्ही आळीतील म्हाताऱ्या बायकांकडे चौकशी केली. एकीस पहिली दोन कडवी येत होती. दुसरीस शेवट येत होता. मधले एक कडवे त्यांनी आपसात भांडत भांडत जुळवले. अंगणात बसून चौघींनी ते म्हटले आणि आम्ही उतरून घेतले. सुरतेस ते पाठवले तेव्हा वहिनींनी ते दोनदा ऐकले आणि फोनवर म्हणाल्या, "शब्द तेच आहेत, भावोजी. आवाज आत्याचा नाही."

खरे आहे. तो आवाज आता कोठेही नाही. वाचकहो, आपल्या घरी असा एखादा आवाज, एखादा चेहरा, एखादे हस्ताक्षर एकाच यंत्रात असेल, तर हे पान मिटून प्रथम त्याची दुसरी प्रत काढावी, एवढीच आमची विनंती आहे.